आयटी ॲसेट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर म्हणजे काय? कंपनी तुमच्या लॅपटॉपचा हिशोब कसा ठेवते?



नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्हाला एक लॅपटॉप मिळतो. त्याच्या पाठीवर छोटा स्टिकर असतो, त्यावर एक नंबर आणि क्यूआर कोड. आयटीवाला एक फॉर्म पुढे करतो, तुम्ही सही करता आणि विसरून जाता. नोकरी सोडायच्या दिवशी मात्र तोच स्टिकर पुन्हा समोर येतो. आज आपण त्या स्टिकरमागे काय काय चालतं ते सोप्या भाषेत पाहणार आहोत.

आधी माझी एक चूक सांगतो. २०१८ मध्ये पुण्यातल्या एका कंपनीत मी आयटी सपोर्टला होतो. साधारण दीडशे माणसं, आणि सगळ्या लॅपटॉपची यादी एका एक्सेल शीटमध्ये. ती शीट सांभाळायचं काम माझ्याकडे. तिथल्या एका सीनिअर टेस्टरने राजीनामा दिला, मी त्यांना दादा म्हणायचो. शेवटच्या दिवशी एचआरने शीट उघडली तर त्यांच्या नावावर दोन लॅपटॉप. दादा म्हणाले, "अरे, जुना मी तुझ्याच हातात दिला होता ना, बॅगेसकट! सात-आठ महिने झाले." मला आठवेना. कागद नाही, मेल नाही. त्यांचा फुल अँड फायनल हिशोब अडकला, तोही जवळजवळ दीड महिना.

शेवटी तो लॅपटॉप सापडला, आमच्याच दुसऱ्या ऑफिसमध्ये, एका नव्या मुलीच्या टेबलावर. मी तो तिला दिला तेव्हा शीटमध्ये नवीन ओळ टाकली होती, पण दादांच्या नावाची जुनी ओळ बदलली नव्हती. वर सिरीयल नंबर हाताने टाईप करताना एका ओळीत बी हे अक्षर पडलं होतं आणि दुसऱ्या ओळीत ८ हा आकडा. त्यामुळे शोधलं तरी दोन्ही ओळी एकाच मशीनच्या आहेत हे कळत नव्हतं. दादांना पैसे मिळाले, पण "लॅपटॉप ढापला" ही कुजबुज दीड महिना त्यांच्या मागे होती. ती माझ्या एका न बदललेल्या ओळीमुळे होती.

म्हणून हा विषय मला फक्त कंपनीच्या सोयीचा वाटत नाही. नोंद बरोबर असेल तर ती कंपनीला वाचवते, तशीच तुम्हालाही वाचवते. चला तर मग, सुरुवात करूया.

आयटी ॲसेट मॅनेजमेंट म्हणजे काय?

शाळा-कॉलेजात तुम्ही बाकांवर, कपाटांवर ऑइल पेंटने लिहिलेले नंबर पाहिले असतील. ऑफिसात एक जाडजूड डेड स्टॉक रजिस्टर असतं. मराठी शाळांत त्यालाच जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणतात. कोणती वस्तू कधी घेतली, केवढ्याला घेतली, कुठे ठेवली आणि कधी निकामी ठरवली, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं.

आयटी ॲसेट मॅनेजमेंट म्हणजे याच रजिस्टरचं कंपनीच्या कॉम्प्युटरसाठीचं रूप. फरक दोन आहेत. पहिला, इथे बाकासारख्या हाताला लागणाऱ्या वस्तूंबरोबर सॉफ्टवेअर आणि लायसन्ससारख्या न दिसणाऱ्या गोष्टीही मोजाव्या लागतात. दुसरा, बाक वर्गातच राहतो, पण लॅपटॉप रोज घरी जातो, गावी जातो, कधी कधी दुसऱ्याच्या हातातही जातो.

या सॉफ्टवेअरला साधारण पाच प्रश्नांची उत्तरं कायम तयार ठेवायची असतात:

- आपल्याकडे नेमकं काय काय आहे?
- ते कुठे आहे आणि कोणाकडे आहे?
- त्यात कोणतं सॉफ्टवेअर चालतं, कोणत्या व्हर्जनचं?
- त्याची वॉरंटी, लायसन्स किंवा एएमसी कधी संपते?
- ते कधी बदलायचं आणि जुन्याचं काय करायचं?

या कामासाठी आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ/आयईसी १९७७०. आणि सायबर सुरक्षेत जगभर वापरल्या जाणाऱ्या सीआयएस कंट्रोल्सच्या यादीत पहिला नंबर उपकरणांच्या नोंदीचा आणि दुसरा सॉफ्टवेअरच्या नोंदीचा आहे. फायरवॉल, अँटिव्हायरस वगैरे सगळं त्यानंतर. कारण साधं आहे, घरात किती दारं आहेत हेच माहीत नसेल तर कुलपं किती आणायची?

एक्सेल शीट का पुरत नाही?

दहा-पंधरा मशीन असतील तर एक्सेल पुरतं, उगाच खर्च करू नका. पण संख्या वाढली की या अडचणी येतात:

- शीट स्वतःहून बदलत नाही. कोणीतरी आठवणीने बदलावी लागते, आणि माणूस विसरतो. मी विसरलो तसाच.
- आजची स्थिती दिसते, इतिहास दिसत नाही. मागच्या वर्षी हा लॅपटॉप कोणाकडे होता, ते जुन्या ओळीवर नवीन नाव टाकलं की पुसलं जातं.
- एकाच शीटच्या चार कॉपी होतात. एक एचआरकडे, एक अकाउंट्सकडे, एक आयटीकडे आणि एक कोणाच्या तरी डेस्कटॉपवर "फायनल न्यू २" नावाने.
- लॅपटॉपमध्ये आत काय इन्स्टॉल आहे हे शीटला कळूच शकत नाही.

या सॉफ्टवेअरमध्ये काय काय नोंदवतात?

हार्डवेअर: लॅपटॉप, डेस्कटॉप, मॉनिटर, सर्व्हर, प्रिंटर, राऊटर, स्विच, कंपनीचे मोबाईल आणि टॅब. प्रत्येकाचा सिरीयल नंबर, मॉडेल, रॅम, हार्ड डिस्क, खरेदीची तारीख, किंमत, विक्रेता, वॉरंटी आणि सध्या कोणाच्या ताब्यात आहे.

सॉफ्टवेअर: कोणत्या मशीनवर काय इन्स्टॉल आहे, व्हर्जन कोणतं, लायसन्स किती घेतली आणि किती वापरात आहेत.

किरकोळ वस्तू: माऊस, कीबोर्ड, चार्जर, हेडफोन, टोनर. यांना सहसा वेगळा टॅग लावत नाहीत, नुसती संख्या मोजतात.

दिसत नाहीत अशा गोष्टी: डोमेन नेम, वेबसाईटची सुरक्षा प्रमाणपत्रं, क्लाउडवर भाड्याने घेतलेले सर्व्हर. हा गट बहुतेक जण विसरतात आणि तोच महागात पडतो. त्याचं उदाहरण पुढे येईलच.

हे सॉफ्टवेअर काम कसं करतं?

माहिती गोळा करायचे चार मुख्य मार्ग आहेत.

१. एजंट: प्रत्येक कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम टाकतात, त्याला एजंट म्हणतात. तो मागे शांतपणे चालतो आणि ठरावीक वेळाने सर्व्हरला कळवतो, माझा सिरीयल नंबर हा, रॅम एवढी, डिस्कवर इतकी जागा उरली, ही ही सॉफ्टवेअर इन्स्टॉल आहेत. लॅपटॉप घरी असला तरी इंटरनेट मिळालं की एजंट आपली माहिती पाठवू शकतो.

२. नेटवर्क स्कॅन: प्रिंटर, स्विच, राऊटर यांच्यात एजंट टाकता येत नाही. मग सॉफ्टवेअर ऑफिसचं नेटवर्क धुंडाळतं आणि एसएनएमपी नावाच्या पद्धतीने त्या उपकरणांना विचारतं, तू कोण? प्रिंटरने किती पानं छापली आणि टोनर किती उरला, हेही यातून कळतं. कोणीतरी घरून आणून जोडलेला वायफाय राऊटरसुद्धा इथेच पकडला जातो.

३. एमडीएम: म्हणजे मोबाईल डिव्हाईस मॅनेजमेंट. कंपनीचे फोन आणि टॅब यातून सांभाळतात. हल्ली लॅपटॉपसाठीही हीच पद्धत वापरतात. मायक्रोसॉफ्टचं इंट्यून हे त्याचं ओळखीचं उदाहरण.

४. क्यूआर कोड आणि बारकोड: मशीन बंद असेल किंवा कपाटात पडलं असेल तर एजंट काय सांगणार? तेव्हा माणूसच जातो, फोनच्या कॅमेऱ्याने स्टिकर स्कॅन करतो आणि "ही वस्तू आज मी इथे पाहिली" अशी नोंद करतो. वर्षातून एकदा तरी अशी प्रत्यक्ष मोजणी करावीच लागते.

इथे एक गंमत सांगतो. सॉफ्टवेअर मशीनला सहसा सिरीयल नंबरने ओळखतं. ब्रँडेड लॅपटॉपचं ठीक आहे, पण बाजारात जोडून घेतलेल्या असेंबल्ड डेस्कटॉपमध्ये अनेकदा सिरीयल नंबरच्या जागी "टू बी फिल्ड बाय ओईएम" असं वाक्यच येतं, कारण मदरबोर्ड बसवणाऱ्याने तिथे काही भरलेलंच नसतं. मी पहिल्यांदा स्कॅन केलं तेव्हा यामुळे अनेक पीसी एकच असल्यासारखे दिसायला लागले. अशा वेळी नेटवर्क कार्डचा मॅक ॲड्रेस आणि आपण चिकटवलेला ॲसेट टॅग उपयोगी पडतो. म्हणून स्टिकर जुनाट वाटला तरी तो हवाच.

एका लॅपटॉपचा प्रवास

खरेदी: लॅपटॉप आला की बॉक्स उघडायच्या आधीच नोंद करायची. बिलाची प्रत त्याच नोंदीला जोडायची. सिरीयल नंबर हाताने टाईप करायचा नाही, बॉक्सवरचा बारकोड स्कॅन करायचा. हे मी माझ्या चुकीतून शिकलो.

वाटप: लॅपटॉप तुमच्या नावावर करणं म्हणजे चेक-आउट. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला मेल येतो आणि "मला ही वस्तू मिळाली" असं तुम्ही स्वतः मान्य करता. परत दिला की चेक-इन. प्रत्येक हालचालीची तारीख, वेळ आणि ती कोणी केली, हे इतिहासात राहतं. आमच्या दादांच्या वेळी एवढं एक असतं तर विषय दोन मिनिटांत संपला असता.

वापर आणि दुरुस्ती: बॅटरी बदलली, कीबोर्ड बदलला, सर्व्हिस सेंटरला गेला, हे सगळं त्याच नोंदीत लिहायचं. एकाच मॉडेलचे लॅपटॉप वारंवार बिघडत असतील तर पुढच्या खरेदीत ते मॉडेल टाळता येतं.

निवृत्ती: हिशोबाच्या दृष्टीनेही कॉम्प्युटरचं वय ठरलेलं असतं. कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची २ मध्ये लॅपटॉप-डेस्कटॉपसारख्या उपकरणांचं उपयुक्त आयुष्य ३ वर्षं आणि सर्व्हर-नेटवर्कचं ६ वर्षं धरलं आहे. त्यानंतर मशीन चालत नाही असं नाही, पण अकाउंट्सवाल्यांना खरेदीची तारीख अचूक लागते ती यासाठी.

सॉफ्टवेअर लायसन्सचं गणित

हा भाग नीट समजून घ्या, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच वाचतात किंवा बुडतात.

समजा, कंपनीने एका डिझाईन सॉफ्टवेअरची ४० लायसन्स घेतली आहेत. एजंटने मोजलं तर ते ४६ मशीनवर इन्स्टॉल आहे. म्हणजे ६ जास्त, ऑडिट आलं तर अडचण. घाबरून आणखी ६ विकत घ्यायच्या आधी वापर बघा. त्या ४६ पैकी ११ मशीनवर गेल्या तीन महिन्यांत ते उघडलेलंच नाही असं दिसलं. तिथून काढून टाकलं तर खरी गरज ३५ ची. म्हणजे ६ कमी पडत नाहीत, उलट ५ शिल्लक राहतात. हे गणित डोळ्यांनी किंवा आठवणीने होत नाही, त्याला मोजणी लागते.

लायसन्सचे प्रकारही वेगवेगळे असतात. काही माणसागणिक, काही मशीनगणिक, काही दरमहा भाड्यासारखी सबस्क्रिप्शन. लॅपटॉपबरोबर आलेलं ओईएम विंडोज सहसा त्याच मशीनला बांधलेलं असतं, लॅपटॉप भंगारात गेला की लायसन्सही त्याच्याबरोबर जातं.

आणि "फ्री आहे ना, टाक" हे वाक्य ऑफिसमध्ये जपून वापरा. टीमव्ह्यूअर घरच्या वापरासाठी मोफत आहे, धंद्यासाठी नाही. डॉकर डेस्कटॉपच्या अटी २०२१ मध्ये बदलल्या, आणि २५० पेक्षा जास्त कर्मचारी किंवा वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या कंपन्यांना त्यासाठी पैसे भरावे लागतात. म्हणजे तुमच्या घरी जे बिनधास्त चालतं, तेच ऑफिसच्या मशीनवर नियमभंग ठरू शकतं.

क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरचं तर बोलायलाच नको. भारताच्या कॉपीराईट कायदा १९५७ मधल्या कलम ६३ बी नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही कॉम्प्युटरवर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. "माझ्या लॅपटॉपवर मी टाकलं, कंपनीला काय?" असं वाटत असेल तर हे लक्षात ठेवा.

यादी नसेल तर काय होतं? दोन खरी उदाहरणं

पहिलं उदाहरण इक्विफॅक्स या अमेरिकन क्रेडिट ब्युरोचं. मार्च २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्स नावाच्या सॉफ्टवेअरमधली गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि तिचं पॅचही आलं. पॅच लावा असा निरोप कंपनीत फिरला. पण ते सॉफ्टवेअर आपल्याकडे नेमकं कुठे कुठे चालतं याची पूर्ण यादीच नव्हती. ग्राहकांच्या तक्रारींचं एक जुनं पोर्टल तसंच राहिलं आणि मे महिन्यात हल्लेखोर तिथूनच आत शिरले. त्यात आणखी एक भर. नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या उपकरणाचं सुरक्षा प्रमाणपत्र १९ महिन्यांपूर्वीच संपलं होतं, त्यामुळे बाहेर जाणारा डेटा कोणाला दिसत नव्हता. जुलैच्या अखेरीस नवं प्रमाणपत्र लावलं आणि लगेच संशयास्पद हालचाल दिसली. तोपर्यंत सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती. मघाशी "दिसत नाहीत अशा गोष्टी" म्हणालो ते यासाठीच.

दुसरं उदाहरण मॉर्गन स्टॅन्ली या बँकेचं. जुनी डेटा सेंटर बंद करताना त्यांनी हार्ड डिस्क आणि सर्व्हर हलवायचं काम अशा कंपनीला दिलं, जिला डेटा नष्ट करण्याचा अनुभवच नव्हता. त्यातली काही उपकरणं डेटासकट इंटरनेटवरच्या लिलावात विकली गेली. या आणि अशाच हलगर्जीपणासाठी ऑक्टोबर २०२० मध्ये एका नियामक संस्थेने ६ कोटी डॉलरचा आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एसईसीने ३.५ कोटी डॉलरचा दंड लावला. म्हणजे मशीन भंगारात गेलं तरी नोंद संपत नाही. डिस्क कोणी पुसली, कधी पुसली आणि कोणाला दिली, हे लिहिल्यावरच ती बंद होते.

आपल्याकडेही ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोठ्या वापरकर्त्या संस्थांनी ई-कचरा नोंदणीकृत संस्थांकडेच द्यायचा असतो, रस्त्यावरच्या भंगारवाल्याला नाही.

आणखी एक ताजं कारण. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांच्याकडे यादी होती त्यांनी एक फिल्टर लावला आणि किती मशीनवर विंडोज १० आहे, त्यातली किती विंडोज ११ ला चालतील, हे काढलं. ज्यांच्याकडे नव्हती ते टेबला-टेबलावर फिरत होते.

कंपनी माझ्या फोनमध्ये काय पाहू शकते?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर फोन कोणाचा आहे यावर अवलंबून आहे.

फोन तुमचा असेल: अँड्रॉइडवर कंपनी सहसा वर्क प्रोफाईल बनवते. कामाच्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह दिसतं. आयटीला फोनचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिमचं व्हर्जन आणि वर्क प्रोफाईलमधली ॲप दिसतात. तुमचे फोटो, मेसेज, कॉल, ब्राउझिंग आणि खासगी ॲप या पद्धतीत दिसत नाहीत. नोकरी सोडल्यावर फक्त वर्क प्रोफाईल पुसतात, तुमचे लग्नाचे फोटो जागेवरच राहतात.

फोन किंवा लॅपटॉप कंपनीचा असेल: तर नियम वेगळे. पूर्णपणे कंपनीच्या ताब्यातल्या फोनवरची सगळी ॲप आयटीला दिसू शकतात, आणि गरज पडली तर पूर्ण फोन दुरून पुसता येतो. लॅपटॉपवर तुम्ही टाकलेला गेमसुद्धा एजंटच्या यादीत येतो. मी तर एकदा एका मशीनवर सहा टोरेंट क्लायंट पाहिले होते!

माझा सल्ला सरळ आहे. एमडीएम ॲप टाकताना परवानगीची स्क्रीन वाचा आणि "हे वर्क प्रोफाईल आहे की पूर्ण फोनचा ताबा?" हे आयटीला विचारा. स्वतःच्या फोनवर पूर्ण ताबा मागत असतील तर कंपनीचा फोन मागायला लाजू नका.

कोणतं सॉफ्टवेअर वापरावं?

स्नाइप-आयटी: ओपन सोर्स, ब्राउझरमध्ये चालणारं. चेक-आउट, चेक-इन, क्यूआर लेबल आणि लायसन्सचा हिशोब यात छान होतो. स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं तर मोफत, त्यांच्या सर्व्हरवर हवं असेल तर पैसे. याच्यात स्वतःचा एजंट नाही, म्हणजे मशीनच्या आतली माहिती ते आपोआप गोळा करत नाही.

जीएलपीआय: हेही ओपन सोर्स, २००३ पासून चालू असलेला मूळ फ्रेंच प्रकल्प. एजंटने आपोआप नोंद आणि सोबत तक्रारींची तिकीट सिस्टिमही मिळते. शिकायला थोडा वेळ लागतो.

ओसीएस इन्व्हेंटरी: एजंटवर चालणारं, मशीनची आतली माहिती गोळा करण्यात पटाईत.

पैसे देऊन घ्यायचं असेल तर मॅनेजइंजिनचं ॲसेटएक्सप्लोरर आहे, मॅनेजइंजिन हा आपल्या चेन्नईच्या झोहोचाच विभाग. नेटवर्क स्कॅनसाठी बेल्जियमचं लॅन्सवीपर ओळखलं जातं. फार मोठ्या कंपन्या सर्व्हिसनाऊसारखं घेतात, पण छोट्या ऑफिसला ते म्हणजे डास मारायला तोफ.

छोट्या ऑफिसमध्ये सुरुवात कशी करायची?

१. एक दिवस ठरवा आणि प्रत्यक्ष फिरून सगळं मोजा. कपाटं आणि स्टोअररूमही उघडा.
२. टॅगची साधी पद्धत ठरवा, उदाहरणार्थ पुणे-एलटी-००१. टॅगमध्ये माणसाचं किंवा विभागाचं नाव घालू नका, ते बदलतं.
३. आधी फक्त लॅपटॉप आणि डेस्कटॉप घ्या. माऊस-कीबोर्डपासून सुरुवात केली तर आठवड्यात कंटाळाल.
४. एक नियम पक्का करा, नोंद झाल्याशिवाय वस्तू हातात द्यायची नाही. साहेबांनासुद्धा नाही.
५. नोकरीला लागणं आणि सोडणं या दोन्ही वेळी एचआर आणि आयटीने एकच नोंद पाहायची. वेगळ्या शीट बंद.
६. दर तीन महिन्यांनी अंदाजे दहा टक्के मशीन अचानक तपासा. नोंद आणि वस्तू जुळली नाही तर माणसावर ओरडण्याआधी पद्धत कुठे चुकली ते शोधा.

तुम्ही स्वतः काय करायचं?

- लॅपटॉप मिळाला की टॅग आणि सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा. कुठे ओरखडा किंवा तडा असेल तर त्याचाही.
- परत देताना तोंडी देऊ नका. "आज अमुक नंबरचा लॅपटॉप, चार्जर आणि बॅग परत दिली" असा एक ओळीचा मेल टाका आणि उत्तर मागा.
- सहकाऱ्याबरोबर परस्पर लॅपटॉप बदलू नका. नोंदीत तो तुमचाच राहतो.
- हरवला तर लाजून दोन दिवस थांबू नका, लगेच कळवा. जितक्या लवकर कळेल तितक्या लवकर तो दुरून बंद करता येतो.
- घरचीही छोटी यादी करा. फोनवर *#०६# डायल केलं की १५ आकडी आयएमईआय नंबर दिसतो. तो आणि बिलाचा फोटो मेलवर ठेवा. फोन चोरीला गेला तर पोलिस तक्रारीनंतर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करताना हाच नंबर लागतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एजंटमुळे लॅपटॉप स्लो होतो का?
स्कॅन चालू असताना थोडा वेळ जाणवू शकतं. एरवी तो बहुतेक वेळ शांत बसलेला असतो.

एजंट माझा पासवर्ड वाचतो का?
नाही. ॲसेट एजंटचं काम मशीन आणि इन्स्टॉल असलेल्या सॉफ्टवेअरची यादी देणं. कीबोर्डवर काय टाईप होतं किंवा स्क्रीनवर काय दिसतं यावर पाळत ठेवणारी सॉफ्टवेअर वेगळी असतात. ती आहेत का, हे कंपनीच्या धोरणात वाचा किंवा एचआरला विचारा.

मी एजंट काढून टाकला तर?
सर्व्हरला काही दिवसांत कळतं की या मशीनचा निरोप येत नाही. मग फोन येतो. त्यापेक्षा शंका असेल तर आधीच विचारा.

या क्षेत्रात नोकरी मिळते का?
हो. आयटी सपोर्टमधून या कामाकडे वळता येतं. जुन्या पीसीवर स्नाइप-आयटी किंवा जीएलपीआय टाकून घरातल्या वस्तूंची नोंद करून बघा, मुलाखतीत सांगायला खरा अनुभव मिळेल.

मित्रांनो, त्या कंपनीत नंतर आम्ही स्नाइप-आयटी बसवलं. पहिल्या मोजणीत शीटमध्ये नसलेले चार लॅपटॉप स्टोअररूममध्ये धूळ खात सापडले, आणि शीटमध्ये असलेले दोन कुठेच सापडले नाहीत. दादांना मी फोन करून माफी मागितली. ते हसून म्हणाले, "आता तरी रजिस्टर नीट लिही रे बाबा." तेव्हापासून कोणी लॅपटॉप परत द्यायला आलं की मी आधी नोंद करतो, त्यांना मेल जाताना दाखवतो आणि मगच बॅग हातात घेतो.